पुस्तकात असं नाहीये

आमच्या मामांबरोबर रहस्यपट बघायचा असेल, तर मधल्या खुर्चीत एक माणूस बसवावा. शक्यतो बहिरा.

"पुस्तकात असं नाहीये." पाट्या संपायच्या आत पहिली तक्रार दाखल होते.

२०१७ साली केनेथ ब्रानाचा 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस' लागला, तेव्हा मामा पहिल्याच दिवशी मामींना आणि मला घेऊन हजर. आदल्या रात्री अगाथा ख्रिस्तीचं १९३४ सालचं पुस्तक पुन्हा वाचून झालेलं. खाकी कव्हर, पाठीला डिंक, पान क्रमांक तोंडपाठ. पडद्यावर हर्क्युल प्वारो आला आणि मामांनी माझं मनगटच धरलं. "ही मिशी? दुमजली आहे रे! चौऱ्याहत्तरच्या पिक्चरमधली अल्बर्ट फिनीची आठव, कशी तेल लावून चापून बसवलेली!"

पुढे गाडी बर्फात अडकली. पुस्तकात ती युगोस्लाव्हियात नुसतीच रुतते. इथे हिमकडा कोसळून इंजिन रुळावरून घसरलं. मामांनी तेही गिळलं. पण ग्रीक डॉक्टर आणि इंग्रज कर्नल या दोघांचा मिळून एकच इसम केलेला बघून त्यांचा चेहरा घरातलं कुणी गेल्यासारखा झाला. आणि प्वारो जेव्हा पुलाच्या सांगाड्यातून संशयिताच्या मागे धावत सुटला, तेव्हा मामा उठून उभेच राहिले. "अरे, तो पळत नाही! तो बसतो! बसून विचार करतो!"

मागच्या रांगेने मामांना बसून विचार करायला लावलं.

त्यांचे नियम मात्र सोयीचे आहेत. त्याच बाईंच्या दुसऱ्या कादंबरीवरून आपल्याकडे १९६५ साली 'गुमनाम' निघाला. त्यात खून पडतायत आणि मेहमूद लुंगीत नाचतोय, तरी मामांना चालतं. "तो रिमेक नव्हे, ती सहल आहे." ब्योमकेश बक्षी म्हणजे दूरदर्शनवरचा रजित कपूर, १९९३, त्यानंतर आलेले सगळे तोतये. तरी प्रत्येक तोतयाचं तिकीट मामांनी काढलेलं असतं.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. खुनी कोण, हे मामा जीव गेला तरी सांगत नाहीत. तो पडद्यावर आला की फक्त घसा खाकरतात. स्वतःला वाटतं, कुणाला कळत नाही. आम्हाला लहानपणापासून कळतं.

त्या दिवशी ते जे खाकरायला लागले, ते थांबेचनात. म्हातारी राजकन्या आली, खाकरले. सेक्रेटरी आला, खाकरले. नोकर, नर्स, सगळ्यांना. मामींनी अंधारातच पर्स चाचपून खडीसाखर पुढे केली.

बाहेर पडताना त्या म्हणाल्या, "अहो, डॉक्टरांना दाखवा एकदा. आज दिसेल त्याला बघून खोकत होतात."

मामा समाधानाने खडीसाखर चघळत होते.

"पुस्तकात तसंच आहे," ते म्हणाले.