दीड तासाची जबानी

मुंबईहून नागपूर किती लांब, या प्रश्नाचे उत्तर ते देणाऱ्याच्या पेशावर अवलंबून असते. रेल्वेच्या दप्तरी हे अंतर ८३७ किलोमीटर आहे. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरांचा खरा, परंतु तो भिवंडीजवळच्या आमणे गावी संपत असल्यामुळे तिथपासून मुंबईपर्यंतचा मामला त्याने प्रवाशाच्या प्रारब्धावर सोपविलेला आहे. आणि नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ ओढणाऱ्यास सुमारे ६८० किलोमीटरांत नागपूर सापडते. विमानवाले मात्र अंतराचा उच्चारही करीत नाहीत. ते म्हणतात, ‘दीड तास!’

या दीड तासाची जबानी जरा बारकाईने घेतली पाहिजे. ताशी आठशे किलोमीटर वेगाने उडणाऱ्या यंत्रास हे अंतर तोडावयास तासही लागू नये, हे त्रैराशिक शिकलेल्या कोणासही कळेल. परंतु वेळापत्रकातला काळ विमान जागचे हलल्यापासून ते मुक्कामी थांबेपर्यंतचा असतो, आणि मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींस छेदून जात असल्यामुळे एका वेळी एकीवरच कारभार चालतो. सबब उरलेला अवधी आपण आकाशयात्री म्हणून नव्हे, तर रांगेतले उमेदवार म्हणून जमिनीवरच व्यतीत करतो. शिवाय हिवाळ्यात उंचावरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. १९५३ च्या नागपूर कराराच्या पुण्याईने विधिमंडळाचे जे अधिवेशन डिसेंबरात तिकडे भरते, त्यास जाताना हा वारा मंत्र्यांच्या पाठीशी असतो आणि परतताना विरोधी पक्षात जाऊन बसतो.

धरमपेठेत राहणाऱ्या आमच्या साडूंस या तपशिलाशी कर्तव्य नाही. घरी मुंज असो की नुसता सांबारवडीचा बेत असो, त्यांचा फोनवरून तगादा ठरलेला : “दीड घंट्याचा तर प्रश्न आहे, येऊन जा ना बाप्पा!” अंधेरीच्या रहदारीत तिष्ठणे, दोन तास अगोदर हजर राहण्याचा हुकूम पाळणे, कमरेचा पट्टा सोडून अनोळखी शिपायासमोर हात पसरून उभे राहणे आणि मुक्कामी पोहोचल्यावर फिरत्या पट्ट्यावर आपली सोडून सर्वांच्या बॅगांचे दर्शन घेणे, यांची बेरीज त्यांच्या जमाखर्चात कुठेच येत नाही. सोनेगावचा विमानतळ घराच्या जवळ, म्हणून त्यांना साऱ्या जगाचे विमानतळ तसेच वाटतात.

या शहराशी विमानाचा खरा सुखाचा व्यवहार केला तो पत्रांनीच. १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तेव्हा मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरास जमत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतत. थैलीस कोणी दोन तास अगोदर बोलावून पट्टा सोडावयास लावल्याचे ऐकिवात नाही. सूर्यनारायणाचा कारभार तर याहून चोख : नागपूरच्या माथ्यावरून मुंबईच्या माथ्यावर यावयास त्यास अवघी पंचवीस मिनिटे पुरतात, आणि सामान काहीच नाही!

मनुष्यमात्राने मात्र, माझे ऐकाल तर, संध्याकाळी विदर्भ एक्स्प्रेसने निघावे. ती सकाळी नागपुरास पोहोचविते, आणि झोपेत गेलेले तास प्रवासाच्या हिशोबात धरण्याचा रिवाज आमच्याकडे नाही.