छपरावरील शेवाळ : मुहूर्त आणि विधी

डहाणू तालुक्यातल्या कासा-चारोटीच्या पट्ट्यात छपरावरचे शेवाळ काढण्याचा रूढ मुहूर्त श्रावण. तोवर उत्तरेकडची पाखी हिरवीगार झालेली असते आणि घरधन्याचा रागही पिकलेला असतो. हा मुहूर्त बदलावा, ही या मार्गदर्शनातली पहिली आणि जवळजवळ एकमेव सूचना. शेवाळ ज्या दिवशी सर्वांत जास्त डोळ्यांत खुपते, त्याच दिवशी ते सर्वांत निसरडे असते, आणि चढलेला माणूस शेवाळाआधी खाली पोचतो. फाल्गुन-चैत्रात तेच वाळून काळे पडते, त्याचे पापुद्रे सुटतात आणि खराट्याने निघतात. अडचण एवढीच की तेव्हा ते खुपत नाही, म्हणून कोणाला आठवत नाही. त्यासाठी विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची चैत्री पौर्णिमेपासूनची यात्रा धरावी. आधी छप्पर, मग यात्रा, असा घरात दंडक घातला की शिडी धरायला पोरेही मिळतात.

मुहूर्ताइतकेच कारणही ध्यानात घ्यावे. शेवाळाला खरी मुळे नसतात. ते पाणी अंगानेच पिते, वंश वाढवायलाही त्याला पाण्याचा पातळ थर लागतो, आणि वाळले तरी बहुधा मरत नाही, पहिल्या सरीला पुन्हा हिरवे होते. तेव्हा खरा गुन्हेगार छपरावर रेंगाळणारे पाणी. एकाच घराची उन्हाकडची पाखी स्वच्छ असते. आंब्याच्या फांदीखालची आणि पाचोळा साठलेली जागा मात्र हिरवी. जुन्या छपरांवर शेवाळाला इतके बस्तान का बसवता येत नसे, तेही यातून कळते. पेंढ्याचे छप्पर काही पावसाळ्यांनी नवे घालावेच लागे, आणि नळीची कौले पावसाआधी शाकारली जात. शाकारणाऱ्याला चिंता गळतीची असे. पण प्रत्येक कौल उचलायचे, झटकायचे, फुटके बदलायचे, या खटाटोपात शेवाळ फुकटात उठे. बासेल मिशनने 1865 साली मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि खाचेत बसणारे कौल आले. ते हलवायला पुढे बहुधा वानरेच उरली. त्यानंतर सिमेंटचा पत्रा आला, तो बोल्टने आवळलेला. आपण छप्पर उचलणे सोडले, तेव्हापासून शेवाळ आपल्या घरचे कायम रहिवासी झाले.

यावर कोणी म्हणेल, मोरचूद मारा, एका दिवसात काम फत्ते. फत्ते होते खरे, पण तांबे पागोळ्यांतून अंगणात, कोंबड्यांच्या पाण्यात आणि ओहोळातल्या माशांपर्यंत जाते, आणि मेलेले शेवाळ जागीच राहून ओल धरते. दुसरा म्हणेल, शेवाळाने घर थंड राहते. राहत असेल, पण पावसात थंडाव्याची वाण कोणाला? मे महिन्यात, गरज असते तेव्हा, ते स्वतःच कोरडे पडलेले असते. तिसरा झाडालाच कुऱ्हाड लावू पाहतो. डहाणू तालुका 1991 साली पर्यावरणदृष्ट्या नाजूक जाहीर झाला (ती अधिसूचना मनापासून पाळणाऱ्यांत शेवाळाचा क्रमांक वरचा असावा), आणि इथे झाड तोडायला परवानगी लागते. छपरावर वाकलेली फांदी छाटली तरी ऊन आत येते.

राहिला विधी. खराटा आढ्याकडून पागोळीकडे ओढावा. उलटा ओढला तर कचरा कौलाच्या जोडात शिरतो आणि पावसात तिथूनच गळते. कौलांवर पाण्याचा जोरदार फवारा मारू नये, पृष्ठ खरवडले की ते जास्त पाणी पिते. सिमेंटच्या पत्र्याबाबत मात्र वरचा कोरडा नियम पाळू नये. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते आणि कोरडे घासल्यास त्याची धूळ छातीत जाते. जुना पत्रा माणसाच्या वजनाने फुटतोही; त्यावर पाय ठेवूच नये. शिडीवरूनच पाणी शिंपडावे, लांब बांबूला मऊ झाडू बांधून हलक्या हाताने ओढावे, तोंडाला धूळ अडवणारा मास्क लावावा. एवढे सव्यापसव्य ज्याला झेपणार नाही, त्याने शिडीवरून हात पोचेल तेवढा पाचोळा तरी काढावा.