परदेशी निघालेल्या पाल्याच्या पालकांसाठी परिपत्रक

विषय : विद्यार्थी व्हिसाचा निर्णय येईपर्यंत पालकांनी करावयाच्या व न करावयाच्या गोष्टींबाबत.

ज्याअर्थी पाल्यास अमेरिकेतील विद्यापीठात प्रवेश मिळालेला आहे, ज्याअर्थी बँकेने घर गहाण ठेवून घेऊन कर्ज मंजूर केलेले आहे, आणि ज्याअर्थी गल्लीत पेढे आधीच वाटून झालेले आहेत, त्याअर्थी खालील सूचना निर्गमित करण्यात येत आहेत. त्या धुळे व जळगाव या दोन्ही जिल्ह्यांस लागू राहतील. नंदुरबारने हव्या तर घ्याव्यात.

सूचना कोणा एका व्यक्तीला उद्देशून नाहीत. तरीही देवपुरात राहणाऱ्या, जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेल्या आणि माझा थोरला भाऊ असलेल्या गृहस्थांनी त्या दोनदा वाचाव्यात.

सूचना 1. अर्ज कोणी केला आहे, हे रोज सकाळी स्वतःला एकदा सांगावे. अर्ज मुलीचा असतो, मुलाखत मुलीची असते, बोटांचे ठसे मुलीचे असतात. ती रात्री वेळेवर झोपते आणि सकाळी पोहे मागते. जागतो बाप.

सूचना 2. ओळख शोधू नये.

ही सूचना अवघड आहे, म्हणून जरा विस्ताराने. आमच्या दादांची सगळी हयात ओळखीवर गेली. ओळख काढून त्यांनी स्वतःसाठी काही मिळवलं असं नाही, पण लोकांची कामं फार केली. कुणाचं वीज मीटर, कुणाच्या मास्तर जावयाची बदली, सिव्हिलमध्ये खाट, ऐन लग्नसराईत मंगल कार्यालय. त्यांची पद्धत ठरलेली. खिडकीसमोर उभं राहायचं, आतल्या माणसाला आधी गाव विचारायचं, मग तालुका, मग ‘तिथले पाटील तुमचे कोण?’ तिसऱ्या प्रश्नाला तो माणूस कुठल्या तरी साडूचा मेहुणा निघतोच. निघाला नाही तर दादा त्याला काढतात. चौथ्या प्रश्नापर्यंत चहा आलेला असतो.

आता हा माणूस अमेरिकेच्या वकिलातीपुढे उभा करा. खिडकीमागच्या अधिकाऱ्याचं नाव माहीत नाही. गाव विचारून उपयोग नाही, पाटील तिथे नसतात. फोन लावला तर मशीन बोलतं. दादांनी तरीही दोन आठवडे शोध घेतला. एकाचा जावई न्यू जर्सीत आहे असं कळलं. त्या जावयाचं स्वतःच्याच कागदांचं काही अडकलं होतं, तो यांनाच विचारू लागला, ‘तुमच्या ओळखीचं कोणी आहे का?’ नाशिकचा एक एजंट म्हणाला, पैसे द्या, आत सांगतो. इथे मात्र सूचना गंभीर आहे : असं सांगणाऱ्याला आत कोणी विचारत नाही. दूतावासाबाहेरचा कोणीही माणूस व्हिसा मिळवून देऊ शकत नाही, आणि त्याने जोडलेला एक खोटा कागद मुलीला कायमचा नडू शकतो. एजंटाला घालवण्याचं श्रेय वहिनींचं. दादा चहा टाका म्हणत होते.

सूचना 3. कागदपत्रे. दादांची फाइल सुटकेसएवढी झाली होती. सातबारा, आठ-अ, घरपट्टीची पावती, सीएने दिलेलं मालमत्तेचं प्रमाणपत्र, जळगावच्या सराफाकडून करून आणलेलं वहिनींच्या दागिन्यांचं मूल्यांकन, आणि सर्वांत खाली आजोबांचं शाळा सोडल्याचं प्रमाणपत्र. ते कशाला? ‘असू दे. मागितलं तर?’

माहितीसाठी : मुलाखत बहुधा दोन-तीन मिनिटांत आटोपते. हेच विद्यापीठ का, खर्च कोण करणार, पुढे काय करणार, असे चार-दोन प्रश्न. पासपोर्ट, विद्यापीठाने दिलेला आय-20 आणि डीएस-160 या व्हिसा अर्जाची पावती लागते. बाकी कागद बघायचे की नाही, ही त्या अधिकाऱ्याची मर्जी. त्यांच्या कायद्याच्या 214(बी) कलमाप्रमाणे अर्जदार तिकडेच राहायला निघाला आहे असं गृहीत धरतात, आणि तसं नाही हे पटवायचं काम अर्जदाराचं. हे कळल्यावर दादा तासभर चिडले होते. ‘म्हणजे आपण आधीच खोटे?’ मग त्यांनी सव्वादोन एकर कापसाचा सातबारा फाइलीत सर्वांत वर आणून ठेवला. शेत सोडून कोण जाईल, हा त्यांचा मुद्दा. शेत त्यांनी स्वतः नोकरीला लागल्यापासून बटाईने दिलेलं आहे.

सूचना 4. मुलाखतीच्या दिवशी पालकाने काय करावे? घरी राहावे.

राहणार नाहीतच, तर निदान हे ठाऊक असू द्या. ठसे आणि फोटो आधी वेगळ्या दिवशी, वेगळ्या ठिकाणी होतात. म्हणजे धुळ्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने निघून दुसऱ्या रात्री परत, असा हिशोब जमत नाही. डोंबिवलीतला नातेवाईक लागतोच. जळगावकरांचं त्यातल्या त्यात बरं, त्यांना विदर्भ एक्स्प्रेस आहे. वकिलात पूर्वी ब्रीच कँडीला समुद्रावर होती, 2011 पासून वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. मोबाइल आत नेता येत नाही. आत फक्त अर्जदार. बाप रस्त्यावर.

आणि त्या रस्त्यावर दादांना अखेर ओळख सापडली. शेजारच्या इमारतीचा वॉचमन शिरपूर तालुक्यातला निघाला. गाव, तालुका, पाटील, सगळं रीतसर झालं. त्याने आपली प्लास्टिकची खुर्ची सावलीत टाकून दिली. मुलगी बाहेर आली तेव्हा हे दोघे कापसाच्या भावावर बोलत बसले होते. दादांच्या मते दिवस चांगला गेला.

मुलीच्या हातात मात्र एक कागद होता.

सूचना 5. ‘रिफ्यूज्ड’ या शब्दाला घाबरू नये.

त्या कागदावर 221(जी) असं असतं. अर्थ एवढाच की निर्णय आज देत नाही, अजून तपासायचं आहे. पण वेबसाइटवर स्थिती बघायला जावं तर तिथे ‘रिफ्यूज्ड’ असं लिहिलेलं दिसतं. हे कायमचं नाकारणं नव्हे, तपास संपला की तीच नोंद ‘इश्यूड’ होऊ शकते. हे खाली बारीक अक्षरात स्पष्ट लिहिलेलंही असतं, पण बापमाणूस ठळक अक्षराच्या खाली वाचत नाही. दादांनी तो शब्द रात्री साडेअकराला वाचला आणि मला जळगावला फोन केला. बोलले काहीच नाहीत. ‘झोपला होतास का?’ एवढंच विचारलं आणि ठेवला. मी सकाळच्या एसटीने पारोळामार्गे धुळ्याला गेलो. पोचलो तर मुलगी झोपलेली, वहिनी देवापुढे, आणि दादा लॅपटॉपपुढे.

तेव्हापासून ते स्थिती दिवसातून किती वेळा बघत, हे मोजायचं मी सोडलं. त्या पानावर अर्जाचा क्रमांक, पासपोर्ट क्रमांक आणि आडनावाची पहिली पाच अक्षरं टाकावी लागतात. दादांना स्वतःचा रक्तगट आठवत नाही, मुलीचा पासपोर्ट क्रमांक मात्र झोपेत म्हणतात. कार्यालय बंद असताना बघून फायदा नाही. शनिवार-रविवार बंद, शिवाय त्यांच्याही सुट्ट्या आणि आपल्याही. म्हणजे 4 जुलै आणि 15 ऑगस्ट, असे दोन स्वातंत्र्यदिन या मोसमात येतात. दादांनी दोन्ही दिवशी पान उघडलं.

सूचना 6. मुलीचे इन्स्टाग्राम.

2025 च्या मे अखेरीस अमेरिकेने विद्यार्थ्यांना मुलाखतीच्या नव्या तारखा देणंच थांबवलं. जूनमध्ये गाडी पुन्हा सुरू झाली तेव्हा अट आली, की विद्यार्थ्याने समाजमाध्यमांवरची सगळी खाती सर्वांना दिसतील अशी उघडी ठेवावीत. गेल्या पाच वर्षांत वापरलेल्या खात्यांची नावं तर अर्जातच द्यावी लागतात. तिकडच्या सरकारने काय तपासलं कोण जाणे, इकडे पहिली तपासणी देवपुरात झाली. ‘सबमिशन आहे, दिवाळीनंतरच येते’ म्हणणारी मुलगी त्या शनिवारी सिंहगडावर भजी खात होती, हे दादांना दोन वर्षांनी कळलं. त्यावर त्यांनी काही विचारलं नाही. प्रत्येक फोटोला ‘लाइक’ दिलं आणि प्रत्येकाखाली ‘छान बेटा, तब्येत सांभाळ’ असं लिहिलं. एका मैत्रिणीच्या साखरपुड्याच्या फोटोखालीही लिहिलं.

मग त्यांचं लक्ष भाऊबंदकीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपकडे गेलं. ‘तिकडचे लोक बघतात, कोणी राजकारणाचं टाकू नये,’ असा आदेश निघाला. मी समजावलं की हा ग्रुप त्यांना दिसत नाही. तरी पंधरा दिवस आमच्याकडे सुविचारसुद्धा जपून आले. ग्रुप इतका स्वच्छ मी कधी पाहिला नव्हता. अट कायम राहावी असं मला मनातून वाटतं.

सूचना 7. विमानाचं तिकीट व्हिसा हातात पडेपर्यंत काढू नये. काढलंच तर पैसे परत मिळणारं काढावं.

सूचना 8. कानबाई.

नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशात कानबाई बसते आणि सगळी भाऊबंदकी एका छताखाली येते. रोट फक्त घरच्यांनी खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत, म्हणून मुंबई-पुण्याचे, सुरतेचे सगळे आलेच पाहिजेत. म्हणजे ज्या प्रश्नापासून तुम्ही महिनाभर पळत होता, तो प्रश्न सहकुटुंब दारात येतो. ‘दादा, व्हिसा उना का?’ ‘आजून नही उना.’ हे संभाषण प्रत्येक आल्या-गेल्याबरोबर, नारळाची पूजा चालू असतानाही. काही जणांना उत्तर पुरत नाही. त्यांच्या ओळखीतल्या एकाचा नाकारला गेला होता, आणि ते त्यांना सांगायचंच असतं.

जळगावच्या माझ्या शेजाऱ्यांना हा त्रास झाला नाही. त्यांचा मुलगा जर्मनीला गेला. जर्मनीचं काम वेगळं. आधी दिल्लीच्या एपीएसकडून पदवीच्या कागदांची पडताळणी, ती नोव्हेंबर 2022 पासून सक्तीची. मग ब्लॉक्ड अकाउंटमध्ये 11,904 युरो भरायचे आणि तिथे पोचल्यावर आपलेच पैसे महिन्याला 992 युरो असे परत घ्यायचे. शेजारी केळीचे व्यापारी आहेत. पैसे आधी भरून माल नंतर हप्त्याने मिळतो, हा व्यवहार त्यांना अजून पटलेला नाही. पण एकदा भरल्यावर त्यांनी विषय मिटवला. पासपोर्टचं बंद पाकीट कुरिअरने आलं, ते चार दिवस कपाटात तसंच होतं, कारण शेजारी रावेरला मालावर गेले होते आणि त्यांच्याशिवाय उघडायचं नाही असं ठरलं होतं. आत व्हिसा होता. अशी माणसंही असतात. दादांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं.

सूचना 9. दुसरा रस्ता आधीच विचारून ठेवावा. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागाला मुलीने लिहून विचारावं, की जास्तीत जास्त कोणत्या तारखेपर्यंत हजर झालं तर चालेल, आणि तेही हुकलं तर प्रवेश जानेवारीच्या सत्रात ढकलता येईल का. ढकलला तर आय-20 नवा घ्यावा लागतो. बँकेला आणि घरमालकाला कळवावं लागतं. अर्जाचे 185 डॉलर आणि सेव्हिस या विद्यार्थी नोंदणीचे 350 डॉलर भरलेले असतात, आणि व्हिसा नाकारला तरी ते परत येत नाहीत. यातलं काहीही बापाने लिहू नये. दादांनी एक मसुदा केला होता, ‘महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून’ अशी सुरुवात होती. मुलीने तो जपून ठेवलाय, पाठवला नाही.

सूचना 10. आईस कोणतीही सूचना नाही. वहिनींनी बिबडे, कळण्याचं पीठ, काळा मसाला आणि उडदाचे पापड तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगांत भरले, वजन केलं, काढले, पुन्हा भरले. ‘नाही मिळाला तर आपण खाऊ,’ म्हणाल्या. घरात त्या काळात एवढं शहाणं वाक्य दुसरं कोणी बोललं नाही.

सूचना 11. निर्णय आल्यानंतर.

15 ऑगस्टची सुट्टी संपली आणि पुढच्याच आठवड्यात पानावर ‘इश्यूड’ आलं. दादा बाजारात होते, म्हणून पहिल्यांदा ते मुलीने पाहिलं. याची रुखरुख त्यांना आजही आहे. सत्र सुरू व्हायला थोडेच दिवस उरले होते. तिकीट मिळेल त्या भावाने काढलं. एकवीरादेवीला खण-नारळ झाला. मुलगी गेली.

आता पाचकंदिलाजवळ संध्याकाळी दादा भेटले तर वेगळीच हकिकत ऐकायला मिळते. तपास लांबला होता, मग ‘मुंबईत वकिलातीजवळ आपला एक शिरपूरचा माणूस आहे, त्याच्याशी बोलणं झालं, आणि काम झालं.’ यातलं प्रत्येक वाक्य तपासलं तर खरं आहे. त्यामुळे मला काही म्हणता येत नाही.

परवा मी धुळ्यात असताना साक्रीकडचे एक गृहस्थ आले. मुलगा ऑस्ट्रेलियाला निघालाय, व्हिसा अडकलाय. सोबत फाइल होती, दादांच्या फाइलीच्या निम्मीही नाही. दादांनी ती शांतपणे चाळली, चष्मा काढला आणि विचारलं, ‘सातबारा कुठंय?’ गृहस्थांचा चेहरा पडला. मग दादांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. ‘आणून द्या. बघतो.’ वहिनींनी आतून चहा आणला.

सूचना 12. अशा वेळी धाकट्या भावाने मध्ये बोलू नये.