सिंहाला मिलिमीटर किती लागतात?

आफ्रिकेच्या सफारीचं बुकिंग झालं की पिवळ्या तापाची लस, परदेशी चलन आणि भाकरवडीची पाकिटं हे सगळं घरातलं दुसरं कुणीतरी बघतं. कर्त्या पुरुषाच्या वाट्याला कॅमेरा येतो. ही जबाबदारी मोठी आहे आणि ती पार पाडताना बहुतेकांची सुरुवातच चुकते. ते आधी प्राण्यांचा विचार करतात.

हे शास्त्राला धरून नाही. आपल्या लेन्सबद्दल सिंहाला काहीही म्हणायचं नसतं. म्हणायचं असतं ते गाडीत शेजारी बसलेल्याला, सोसायटीच्या ग्रुपला आणि मुख्य म्हणजे साडूला. तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी साडूकडे काय आहे याची चौकशी करावी. त्याच्याकडे ४०० मिलिमीटर असतील तर आपल्याला ६०० लागतात. त्याच्याकडे ६०० असतील तर पक्षी बघायला लागावं आणि सिंहात आता काही राम राहिला नाही, असं म्हणावं.

६०० मिलिमीटर, एफ-४ ही या क्षेत्रातली सर्वोच्च पायरी. वजन तीन किलोच्या आसपास, किंमत दहा लाखांच्या पुढे. तेवढ्यात चौकोनी कुटुंब मसाई मारा बघून परत येतं, हा हिशेब घरात कुणी ना कुणी मांडतंच. अशा वेळी आवाज न चढवता इतिहासाचा आधार घ्यावा. कार्ल गेऑर्ग शिलिंग्ज या जर्मन गृहस्थांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पूर्व आफ्रिकेत काळोखात फ्लॅशची पूड पेटवून जनावरांचे फोटो काढले. त्यांचं सामान वाहायला हमालांचा तांडा असे. मेलेले प्राणी जिवंत वाटतील असे संग्रहालयात उभे करणाऱ्या कार्ल एकलींना बाजारातला एकही सिनेमा कॅमेरा पसंत पडेना, म्हणून त्यांनी स्वतःच एक बनवला आणि १९१५ साली त्याचं पेटंट घेतलं. मार्टिन आणि ओसा जॉन्सन या अमेरिकन जोडप्याने तर १९३० च्या दशकात दोन विमानंच नेली. एक झेब्र्याच्या पट्ट्यांनी रंगवलेलं, दुसरं जिराफाच्या ठिपक्यांनी. त्या मानाने आपण एक लेन्सच तर मागतोय. ओसाबाई स्वतःही कॅमेरा चालवायच्या, हा तपशील मात्र जपून सांगावा. तो ऐकल्यावर घरात दुसरी बॉडी घ्यावी लागते.

लेन्स आली की वजनाचा प्रश्न सुरू होतो. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून माराकडे छोटी विमानं जातात. त्यांत माणशी १५ किलो सामान चालतं, तेही हातातल्या बॅगेसकट, आणि बॅग मऊ हवी. कडक कवचाची चाकवाली पेटी विमानाच्या पोटात बसतच नाही. आता मांडा गणित. लेन्सचे तीन किलो, दोन बॉडींचे दीड, जवळच्या फोटोंसाठी दुसरा झूम दीड, लॅपटॉप आणि त्याचा चार्जर दोन, बाकीच्या वायरी आणि बॅटऱ्या एक, आणि हे सगळं ठेवायची गाद्यागाद्यांची कॅमेरा बॅग रिकामीच दोन. झाले अकरा. उरलेल्या चार किलोंत कपडे, चपला, औषधं आणि चिवडा. बायकोच्या बॅगेत जागा असेलच, असं गृहीत धरणारे धाडसी लोक आहेत. त्यांच्यासाठी वेगळं मार्गदर्शन लागेल. जाणत्यांचा उपाय असा की पुष्कळ खिशांचं जाकीट शिवून घ्यावं आणि काट्यावर बॅग ठेवताना लेन्स अंगावर बाळगावी. रस्त्याने पाच-सहा तास जाणाऱ्यांना वजनाचा जाच नाही. त्यांना पाठीचा आहे.

जाकिटाचा विषय निघालाच आहे तर रंगाचंही बघू. हिरव्या-तपकिरी चट्ट्यापट्ट्यांचे लष्करी कपडे आपल्याकडे पक्षी बघणाऱ्यांचा गणवेशच होऊन बसले आहेत. ते घालून झिंबाब्वेत उतरलात तर सिंहाआधी पोलीस दिसतील, कारण तिथे सामान्य नागरिकाने असे कपडे घालायला कायद्याने बंदी आहे. गडद निळा आणि काळा रंगही नको. त्सेत्से माशी या दोन रंगांकडे धावते आणि ती कापडावरूनही चावते. कॅमेरे आणि त्यांचे पट्टे तेवढे सगळे काळे मिळतात, याला इलाज नाही.

आता प्रत्यक्ष जंगलात. ताडोब्याच्या सवयीने गेलेल्या माणसाला पहिला धक्का बसतो तो अंतराचा. आपल्याकडे बांबूच्या जाळीआड पाठमोऱ्या वाघाचा चतकोर कान दिसला तरी फेरी सार्थकी लागते. माऱ्यात गवत आहे, आडोसा नाही, आणि जनावरं पिढ्यान्‌पिढ्या गाड्या बघत आलेली. टांझानियात न्गोरोंगोरोच्या विवरात सिंहांना दुपारी सावली हवी असते, झाडं फारशी नाहीत, म्हणून ते येऊन सरळ गाडीच्या सावलीत पसरतात. इथे दहा लाखांच्या लेन्सचा खरा कस लागतो. तिला चार मीटरच्या आतलं काही दिसतच नाही. फोकस होत नाही. लेन्स नुसती पुढे-मागे कुरकुरते आणि सिंह खाली जांभई देतो. शेजारचे काका तेवढ्यात साध्या छोट्या कॅमेऱ्यावर त्याच्या दाढा मोजतात. हत्ती जवळ आला तर ६०० मध्ये त्याची सुरकुती येते, जिराफाचा गुडघा येतो. हे फोटो कलात्मक म्हणून खपवता येतात, पण चार-पाचच्या वर नाही.

मग ६०० लागतात कुणाला? पक्ष्यांना. आपल्या नीलपंखाचा एक जांभळ्या छातीचा भाऊबंद तिथे बाभळीच्या शेंड्यावर बसलेला असतो, एवढासा, आणि उडाला की निळ्याच्या सगळ्या छटा उधळतो. त्याला लांब लेन्सच हवी. पण त्यासाठी गाडी थांबली पाहिजे, आणि बिबट्या अजून दिसलेला नसताना पक्ष्यासाठी गाडी थांबवा म्हणणाऱ्याकडे उरलेले सहा जण कसे बघतात, ते कोणत्याही लेन्सशिवाय स्पष्ट दिसतं.

लांबच्या जनावरासाठी लांब लेन्स, ही समजूतही पुरती खरी नाही. न्गोरोंगोरोचं विवर सुमारे २६० चौरस किलोमीटरचं, गाड्यांनी आखलेला रस्ता सोडायचा नाही, आणि गेंडा नेमका पलीकडे. सकाळी अकरानंतर जमीन तापते, मधली हवा थरथरू लागते आणि मग लेन्स कितीही मोठी असो, गेंडा डोहाच्या तळाशी बसल्यासारखाच येतो. ज्यांना हे पटत नाही त्यांनी निकॉनचा पी-१००० घ्यावा. त्यात १२५ पट झूम आहे, म्हणजे ३००० मिलिमीटरच्या तोडीची लेन्स, आणि वजन दीड किलोच्या आत. त्यातून चंद्रावरचे खड्डे उत्तम येतात. गेंड्याचं सांगत नाही.

खरं सांगायचं तर १०० ते ४०० चा झूम लावलेली एक बॉडी आणि जवळचं टिपायला छोट्या लेन्सची दुसरी, एवढ्यात माऱ्यातलं नव्वद टक्के काम भागतं. मोठी लेन्स हवीच असेल तर मुंबई-पुण्यात ती भाड्यानेही मिळते. पण हे साडूला कळता कामा नये.

यानंतरचा विषय पुस्तकांत सापडत नाही. तो आहे कोपरांचा. गाडी म्हणजे वर उचलल्या जाणाऱ्या टपाची लँड क्रूझर, नाहीतर व्हॅन. टप वर गेला की सहा-सात माणसं सीटवर उभी राहून चारी बाजूंनी बाहेर डोकावतात. समजा, डाव्या हाताला वाळवीच्या वारुळावर चित्ता चढून बसला. सगळी गाडी डावीकडे झुकते. मोठ्या लेन्सवाला उजवीकडे उभा असतो. तो वळतो आणि त्याच्याबरोबर त्याचं अर्धा मीटर लांबीचं सामानही वळतं.

“अहो, तुमच्या नळकांड्याने टोपी पडली माझी!”

“सॉरी वहिनी. दोन मिनिटं हलू नका फक्त. गाडी हलतेय.”

“मी श्वास घेतेय हो भावजी.”

“तोच जरा…”

चित्ता उतरून गवतात निघून जातो. कुणी काही बोलत नाही. पुढचा तासभर चिवड्याचं पाकीट त्या कोपऱ्यापर्यंत येत नाही.

ट्रायपॉड नेऊ नये. गाडीत त्याचे तीन पाय ठेवायचे म्हणजे दोन माणसांना खाली उतरावं लागतं, आणि उतरण्याची परवानगी नाही. त्याऐवजी बीन बॅग. जाड कापडाची पिशवी घरून रिकामी न्यावी आणि नैरोबीत भरावी. टपाच्या कडेवर ती ठेवायची, वर लेन्स दाबून बसवायची, आणि चालकाला नम्रपणे इंजिन बंद करायला सांगायचं; इंजिन सुरू असेल तर त्याची थरथर थेट फोटोत उतरते. भरायला तांदूळ चालतात, राजमा चालतो, चवळी उत्तम. पोहे चालत नाहीत, चेपतात. राजमा तिथे कुठल्याही दुकानात मिळतो. परत निघताना तो चालकाला किंवा तंबूच्या मुदपाकखान्याला द्यावा. तीन दिवस लेन्सखाली रगडलेला राजमा घरी आणून भिजत घालू म्हणणाऱ्या मावशी प्रत्येक ग्रुपमध्ये असतात, त्यांच्यापासून तो वाचवावा.

धुळीसाठी आपला परंपरागत उपाय प्लॅस्टिकची पिशवी. तो विसरा. केनियाने ऑगस्ट २०१७ पासून आणि टांझानियाने जून २०१९ पासून या पिशव्यांवर बंदी घातली आहे, आणि ती आपल्याकडच्यासारखी भाजीवाल्यापाशी संपत नाही. कॅमेरा झाकायला उशीचा अभ्रा घ्यावा. हे गमतीत सांगत नाही. सुती अभ्र्यासारखं आवरण नाही. आत हात घालता येतो, झटकता येतो, धुता येतो, आणि रात्री उशीलाही उपयोगी पडतो. अंबोसेलीत तर आटलेल्या तळ्याची बारीक भुकटी उडते, नि त्सावोच्या मातीने हत्तीसुद्धा तांबडे होतात. तिथे उघड्यावर लेन्स बदलणाऱ्याने सेन्सरवर ती माती पुण्यापर्यंत आणावी आणि साफ करून घेण्याचे पैसे मोजावेत. तोंडाने फुंकर मारू नये. चिवडा खाल्ल्यावर तर नाहीच.

चार्जिंगबद्दल थोडक्यात. केनिया-टांझानियात तीन चपट्या पिनांचा इंग्लिश प्लग लागतो. दक्षिण आफ्रिकेत जो जाड गोल पिनांचा प्लग आहे तो मात्र आपल्या गीझरचा, १५ अँपिअरवाला, त्यामुळे तिकडे जाणाऱ्याने न्हाणीघराकडे एकदा आदराने बघून घ्यावं. तंबूंच्या मुक्कामात वीज कधी कधी ठरावीक वेळीच असते आणि त्या वेळी सगळ्यांना फोन लावायचा असतो, म्हणून घरचं एक्स्टेंशन बोर्ड न्यावं. जादा बॅटऱ्या आणि पॉवर बँक विमानात हातातल्या बॅगेतच ठेवायच्या.

सेटिंगचा बाऊ करू नये. पळत्या चित्त्याला सेकंदाचा दोन हजारावा भाग लागतो, हे खरं. पण सिंह दिवसातले वीस तासांपर्यंत झोपून काढतो, आणि निवांत झोपलेल्या सिंहाला सेकंदाचा शंभरावा भागही पुष्कळ होतो. वेग लागतो तो जुलै ते ऑक्टोबरच्या दरम्यान, मारा नदीवर. दहा लाखांहून अधिक विल्डबीस्ट सेरेंगेटी आणि मारा यांच्यात फिरत असतात. त्यांचा एखादा कळप काठावर येतो, पाण्याकडे बघतो, मागे फिरतो, पुन्हा येतो. यात दुपार जाते, डबे उघडतात, कुणी घोरतं. आणि मग एकजण उडी घेतो. आजचे कॅमेरे सेकंदाला वीस फोटो काढतात. दहा मिनिटं बटण दाबून ठेवलं तर १२ हजार फोटो. एकाचे ३० एमबी धरले तर ३६० जीबी. त्यांतल्या ११ हजारांत धुरळा आणि शेपट्या असतील, पण कोणत्या ११ हजारांत, हे घरी येऊन एकेक बघितल्याशिवाय कळत नाही. निवृत्तीनंतर वेळ कसा जाईल, या चिंतेवर हा रामबाण आहे.

या सगळ्यांतून जो फोटो लोक खरोखर बघणार तो वेगळाच. टपातून अर्धे बाहेर आलेले आपण, हातात ती लेन्स, नजर क्षितिजावर. हा फोटो मोबाईलवर काढतात. ताडोब्यात मोबाईल नेऊ देत नाहीत, इथे ती अडचण नाही. त्यासाठी माणूस आधी नेमून ठेवावा आणि त्याच्याशी कोपरांवरून भांडू नये. वहिनींची टोपी पहिल्याच दिवशी का उचलून द्यायची असते, ते इथे ध्यानात येईल.

जाण्यापूर्वी एक कागद विसरू नये. महागडं सामान नेताना मुंबईच्या विमानतळावर कस्टमकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्यावं, त्यावर बॉडी आणि लेन्स यांचे नंबर उतरवून घ्यावेत. नाहीतर येताना ही लेन्स बाहेरूनच आणली असं समजून ड्यूटी मागितली, तर किमतीचा खरा आकडा बायकोसमोर मोठ्याने सांगण्याची वेळ येते.

परतल्यावर सोसायटीच्या हॉलमध्ये स्लाइड शो ठेवावा. फोटो साठच्या वर नकोत, आणि विल्डबीस्ट तीन पुरे. साडूला पुढच्या रांगेत बसवावं. चहा दुसऱ्या सिंहानंतर द्यावा; पहिल्यानंतर दिला तर लोक कप ठेवायला म्हणून उठतात ते परत येत नाहीत.