नग किती?

मराठी माणूस एक वेळ भांडण एका शब्दात मिटवेल, पण सामान एका शब्दात सांगणार नाही. कापडात नीट बांधलं तर गाठोडं, कसंबसं बांधलं तर बोचकं, गुंडाळून आवळलं तर वळकटी. लाकडाची मोळी, गवताचा भारा, कडब्याची पेंढी, मेथीची जुडी. वाळू मात्र ब्रासमध्ये. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास, एवढं ज्याला ठाऊक नाही त्यानं घर बांधायला काढू नये. बाकी चंबूगबाळं आणि लटांबर हे नेहमी दुसऱ्याचं असतं. आपलं ते सामान आणि आपली ती मंडळी.

मध्यंतरी आम्ही घर बदललं. टेम्पोवाल्यानं फोनवर विचारलं, "सामान किती?"

"फार नाही हो, थोडंच आहे."

"ते सगळेच म्हणतात काका. नग सांगा. मजला कितवा? लिफ्ट आहे का?"

"लिफ्ट आहे," मी म्हणालो. चालू आहे का, हे त्यानं विचारलं नव्हतं.

सकाळी छोटा हत्ती दारात उभा राहिला. २००५ साली टाटांनी ही गाडी 'एस' या नावानं बाजारात आणली, पण लोकांनी तिचं बारसं आपल्या पद्धतीनं केलं आणि तेच टिकलं. त्यातून उतरलेल्या हमालानं खोल्यांतून एक चक्कर मारली, मोठ्यानं नग मोजले आणि माझ्या खोक्यांपाशी येऊन थांबला.

"यात काय आहे?"

"पुस्तकं."

त्यानं आपल्या जोडीदाराकडे असं पाहिलं, की मराठी साहित्याबद्दल इतकं स्पष्ट मत मी कुठल्याच समीक्षकाचं वाचलेलं नाही.

मग त्यानं खांद्यावरचा पंचा पिळून त्याची चुंबळ केली, डोक्यावर नीट बसवली आणि मला म्हणाला, "जरा हात लावा." हात लावणं म्हणजे उचलणं नव्हे. खोकं डोक्यापर्यंत जाईस्तोवर एक कोपरा धरायचा आणि चुंबळीवर टेकलं की सोडायचं. तेवढ्यात माझी कंबर बोलली. तो मात्र मान ताठ ठेवून, एक हात खोक्याला आणि एक कठड्याला लावून, पायरीवर अंगठा चाचपत जिना उतरू लागला. मागून मी टेबललॅम्प घेऊन "सांभाळून, सांभाळून" म्हणत होतो. त्या दिवशी मी जे काही वाहिलं, त्यात हा शब्दच सगळ्यांत वजनदार होता. शेवटी नग पुन्हा मोजताना त्याचं बोट माझ्याशी येऊन अडखळलं. बायको म्हणाली, "यांना धरू नका. हा नग माझा मी आणते."

गंमत अशी, की जो खरोखर उचलतो त्याच्या तोंडी नग, डाग, खेप असे चिमुकले शब्द असतात आणि जो खुर्चीतून उठत नाही त्याच्याकडे 'भार' असतो. साहेब पदभार स्वीकारतात, तोही पुष्पगुच्छासकट. दुसऱ्या खुर्चीची सही करावी लागली की अतिरिक्त कार्यभार. विजेच्या बिलावर 'मंजूर भार' छापलेला असतो आणि त्याच बिलात 'वहन आकार'. वीज आणून देण्याची ही हमालीच, फक्त मागताना कुणी घाम पुसत नाही. वीज गेली तर ते भारनियमन. जमिनीचं तर विचारूच नका. सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा एकदा चढला, की तो उतरवायला पैलवान उपयोगाचा नाही. कर्ज फेडा, दाखला घ्या आणि तलाठ्याकडे खेटे घाला. गाढव मेलं ओझ्यानं अन् शिंगरू मेलं हेलपाट्यानं, ही म्हण रचणाऱ्याच्या हातात नक्की उतारा असणार.

पोरांचं वेगळंच. त्यांचं बोधवाक्य 'लोड घेऊ नको.' दप्तराचा लोड तर सरकारनंच कमी केला. मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड दप्तर नको, असा शासन निर्णय २०१५ मध्ये निघाला. आमच्या गल्लीत दप्तर आजोबा नेतात. आजोबांच्या वजनाच्या दहा टक्के म्हणजे बरंच काही मावतं.

हमालांसाठीही कागद हलले, नाही असं नाही. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला. पोतं एकेकाळी शंभर किलोचं असे. आता सिमेंटची गोणी पन्नासची आणि युरियाची २०१८ पासून पंचेचाळीसची. २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात सुरेश प्रभूंनी कुलींना 'सहायक' म्हणण्याचं जाहीर केलं. नाव भारदस्त झालं, पण बॅगा त्याच राहिल्या आणि फलाटावर भाव पाडणारे प्रवासीही तेच.

तेव्हा घर बदलणार असाल, तर पुस्तकांचे खोके लहान भरा, नग वाढले तरी चालतील. मजला खरा सांगा, लिफ्ट बंद असेल तर तेही सांगा. आणि ठरलेली हमाली सामान वर चढल्यावर कमी करायला बघू नका.