लोटस एलान, डोळे मिटून

1962 साली आलेल्या लोटस एलानचा वेग अंधारात वाढवणे हे श्रद्धेचे काम आहे. सुरुवातीच्या एलानचे हेडलाइट नाकातून वर येतात ते मोटरवर नव्हे, इंजिनाच्या मॅनिफोल्डमधल्या निर्वातावर. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की निर्वात जवळपास संपतो. त्याची साठवण चासीच्या पोकळीत केलेली आहे खरी. पण रबरी नळीला कुठे चीर गेली असेल, तर ऐन ओव्हरटेक करताना दिवे थकबाकीदारासारखे मान खाली घालतात. मालक आधी बल्ब बदलतो. मग फ्यूज. मग मेकॅनिक.

वर आलेले दिवे पेटतीलच असेही नाही. बॉडी फायबरग्लासची, म्हणजे अर्थिंगला पत्राच नाही. दिव्यांना परतीची वेगळी तार. तिचे टोक गंजले की इंडिकेटरच्या तालावर बाकीचे दिवेही मिचकतात. वजन वाचवण्यात लोटसचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांचा हात कोणी धरू शकला नसता. वाचलेला भार वायरिंगने उचलला.

इग्निशनचा प्रकार आणखी सोज्वळ. इंजिनाच्या फेऱ्यांवर मर्यादा घालणारी स्प्रिंग डिस्ट्रिब्युटरच्या रोटरमध्येच. ती सैल पडली की ठिणगी वेळेआधीच बंद, आणि मालक रविवारभर कार्ब्युरेटर उघडून बसतो. विकताना मात्र 'मूळ वायरिंग शाबूत' असे अभिमानाने लिहायचे. किंमत वाढते त्याने.