टेबल स्वच्छ, शेरा अत्युत्कृष्ट

सरकारी कचेरीत काम न करणाऱ्याचं काय करतात, असा प्रश्न करदात्याला अधूनमधून पडतो. करायचं काय? त्याला काम देत नाहीत.

कुठल्याही तालुक्याच्या गावी जा. दाराशी भाऊसाहेब बसतात, खिडकीशी अण्णा. भाऊसाहेबांकडे गेलेला अर्ज परत दिसत नाही, हे नव्या साहेबांना आठवडाभरात उमगतं. मग टपाल आलं की साहेब म्हणतात, "अण्णांकडे द्या." भाऊसाहेबांचं टेबल लख्ख. अण्णा गठ्ठ्यांआडून बोलतात.

हे गोपनीय अहवालात लिहायला बंदी थोडीच आहे? पण 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने देवदत्त खटल्यात सांगितलं, की प्रत्येक शेरा ज्याचा त्याला कळवलाच पाहिजे. सीमा सडक सेवेतल्या या अभियंत्याला शेरा होता 'चांगला', बढतीला लागत होता 'अतिशय चांगला', आणि हे त्याला कुणी कळवलंच नव्हतं. निकाल न्यायाचाच. साहेबलोकांनी मात्र एवढंच ध्यानात ठेवलं, की जे कळवावं लागतं ते लिहूच नये. लिहिलं तर चारपानी खुलासा, संघटनेचं निवेदन, शेवटी मॅट, म्हणजे प्रशासकीय न्यायाधिकरण. 'अत्युत्कृष्ट' लिहिलं तर पेढे.

निलंबन म्हणाल, तर पहिले तीन महिने निम्मा पगार निर्वाह भत्ता म्हणून मिळतो आणि चौकशी त्याच्यामुळे रखडली नसेल तर पुढे पाऊणपटापर्यंत. भाऊसाहेबांची याला ना नाही. हजेरीची कटकट वाचते.

राहिली बदली. बदल्यांचे नियम आणि दप्तरदिरंगाईला प्रतिबंध या दोन्ही गोष्टी महाराष्ट्राने 2005 च्या एकाच कायद्यात बसवल्या. दिरंगाई करणाऱ्याला बदलीच्या गावी दिरंगाईसकट पाठवता यावं, हा हेतू नसेलही. याच कायद्यात असंही म्हटलंय, की कुणाहीकडे फाइल साधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये.

तेव्हा वरून तपासणी आली. भाऊसाहेबांकडे प्रलंबित प्रकरणं शून्य. पथकाने कौतुकाने नोंद घेतली. अण्णांकडे कपाटभर. 'कारणे दाखवा' काढायचं ठरलं. संध्याकाळच्या टपालात नोटीस निघालीसुद्धा, कारण तिचा मसुदा अण्णांनीच करून दिला. आस्थापना शाखेत दुसऱ्या कुणाला तो जमत नाही.